नदीकाठी बसण्याची तजवीज

आपल्याकडे पतिपत्नींनी एक अखंड दिवस केवळ हिंडण्याफिरण्यात घालवावयाचा म्हणजे त्यास काही सबळ कारण दाखवावे लागते, आणि ते कारण मामलेदार कचेरीत द्यावयाच्या अर्जातील कारणाप्रमाणे प्रथमदर्शनीच पटण्याजोगे असावे लागते. देवदर्शन हे त्यांतले सर्वमान्य. लग्नकार्य, बारसे, दशक्रियाविधी ही त्याच्या खालोखालची. दवाखाना आणि कोर्टाची तारीख ही निरुपायाची. जामखेडच्या एस.टी. स्टँडवर उभयतां उभे असता कोणी ओळखीच्या गृहस्थाने "कुणीकडं?" म्हणून विचारावे आणि आपण "कुठं नाही, सहज फिरायला" असे उत्तर द्यावे, तर तो भला माणूस क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग आवाज उतरवून "घरी सगळं ठीक ना?" असे विचारतो. त्यात त्याचा दोष नाही. निष्प्रयोजन फिरणे ही आपल्या समाजाने लहान मुलांना, रिकामटेकड्यांना आणि अलीकडे शहरातून मोटारीने येणाऱ्यांना दिलेली सवलत आहे. प्रपंचात मुरलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्याला ती नाही, आणि नवविवाहितांना असलीच तर ती जेजुरी-तुळजापूरच्या वाटेपुरतीच आहे.

हा शिरस्ता आपल्या हाडीमाशी किती खिळला आहे, हे मला जर्मनीतील हायडेलबर्ग या गावी कळले. मुलगा नोकरीनिमित्त त्या देशात असल्यामुळे आम्ही उभयतां काही काळ त्याच्याकडे मुक्कामास होतो, आणि एका सकाळी त्याने आम्हांस आगगाडीत बसवून त्या गावी पाठविले व स्वतः कामावर निघून गेला. ओडेनवाल्डच्या डोंगरातून वाट काढीत आलेली नेकार नदी ऱ्हाइनच्या सपाटीस जेथे उतरते, नेमके तेथे, डाव्या तीरावरील डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ते जुने गाव वसलेले आहे. १३८६ साली स्थापन झालेले, आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने विद्यापीठ तेथे आहे. १९०७ साली कवी मुहम्मद इक्बाल तेथे जर्मन भाषा शिकण्यासाठी येऊन राहिले होते, आणि नदीकाठच्या एका रस्त्यास त्यांचे नाव दिलेले आहे. गावाचा मुख्य रस्ता मैलभर लांब असून तो पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. त्या रस्त्याने रमतगमत जावे, मध्येच बाजारचौकातील देवळाच्या भिंतीला बिलगून मांडलेल्या दुकानांपाशी रेंगाळावे (देवळाच्या भिंतीला दुकाने बिलगलेली पाहून आम्हांस प्रथमच घरी आल्यासारखे वाटले), तारेने ओढल्या जाणाऱ्या डब्यात बसून डोंगरउतारावरच्या किल्ल्यात जावे, तेथून उतरून जुन्या पुलावरून पलीकडच्या तीरास जावे आणि तेथील गवतावर नाही तर बाकावर बसून राहावे, असा त्या गावातील दिवसाचा क्रम आहे.

नदीकाठी पोचल्यावर आमच्या मंडळींचे पाय थकले होते. समोर बाक रिकामा होता. तरी त्या उभ्याच, आणि मला हळूच विचारतात, "अहो, इथं बसलं तर चालतं का?" मी मनाई करणारी एखादी पाटी कोठे दिसते का म्हणून इकडेतिकडे पाहिले. पाटी नव्हती. शेजारच्या बाकावर आमच्याहूनही वयस्क असे एक जोडपे कागदात गुंडाळून आणलेला पाव खात बसले होते. त्यातील बाईंनी आपली पिशवी थोडी सरकवून घेतली व मानेने खूण केली. त्यानंतर आम्ही तेथे किती वेळ बसलो याचा हिशेब मी ठेवला नाही. परंतु त्या वेळात आम्हांस कोणी नाव, गाव किंवा प्रयोजन विचारले नाही, काही विकत घ्यावयास लावले नाही, किंवा उठविले नाही. सहजीवनाची एवढी वर्षे लोटल्यावर आम्ही दोघे उघड्या जागेत, काही एक काम नसताना, शेजारी शेजारी बसलो होतो, आणि त्याचा संकोच उतरावयास बराच वेळ लागला.

परदेश पाहून आलेल्या माणसाने तेथील स्वच्छतेचे आणि वक्तशीरपणाचे गोडवे गावे व आपल्या देशबांधवांची कानउघाडणी करावी, असा एक प्रवासलेखनाचा जुना ढाचा आहे. तो मला गिरवावयाचा नाही. त्या देशात सार्वजनिक शौचालयातही बहुधा पैसे मोजावे लागतात, रविवारी दुकाने बंद असतात, आणि कॉफीच्या एका पेल्याच्या किमतीत आमच्या गावी दोघांचे जेवण होते. पण हायडेलबर्गच्या त्या दिवसाने माझ्या मनात जी एक तुलना उभी केली ती वेगळी आहे. ते गाव पाहावयास सबंध जगातून माणसे येतात ती कशासाठी, असे मी पाहू लागलो, तेव्हा उत्तर निघाले : एक पडका किल्ला, एक पूल आणि एक नदी. एवढेच भांडवल म्हटले, तर आमच्या जामखेड तालुक्याजवळ त्याहून कमी नाही.

त्या किल्ल्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये तो सुरुंग लावून फोडला व गाव जाळले. पुढे काही दुरुस्ती होत असतानाच १७६४ साली त्यावर वीज पडून तो आगीत सापडला. मग त्याचे जे व्हावयाचे तेच झाले. गावकरी घरे बांधण्यासाठी त्याचे घडीव दगड नेऊ लागले, आणि किल्ला म्हणजे आयती खाण झाली. हा प्रकार ज्याने थांबविला तो गृहस्थ जर्मन नव्हता. राज्यक्रांतीमुळे देशोधडीस लागलेला शार्ल द ग्रँबर्ग नावाचा एक फ्रेंच सरदार १८१० साली चित्रे काढण्यासाठी म्हणून तेथे आला आणि तेथलाच झाला. ज्या फ्रेंचांनी किल्ला फोडला त्यांच्यातल्याच एकाने किल्ल्यात बिऱ्हाड करून, पदरमोड करून, दगड चोरणाऱ्यांपासून ते अवशेष राखले, त्यांची चित्रे छापून सर्वत्र पाठविली, आणि त्या चित्रांमुळे लोक येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पूर्ववत बांधून काढावा की आहे तसा राखावा असा मोठा वाद माजला. एक महाल तेवढा दुरुस्त करण्यात आला, आणि बाकीचे भग्नावशेष भग्नच ठेवून त्यांची पडझड थांबविणे एवढेच आपले काम, असे शेवटी ठरले. त्यामुळे आज आकाशाकडे उघड्या पडलेल्या खिडक्यांतून पलीकडचे झाड दिसते, आणि तीच त्या किल्ल्याची शोभा होऊन बसली आहे.

किल्ल्याच्या तळघरात १७५१ साली केलेले एक अजस्र लाकडी पिंप आहे. त्यात दोन लाख लिटरांहून अधिक द्राक्षमद्य मावत असे, ही माहिती मी मंडळींस वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडचे वीसेक टँकर!" उन्हाळ्यात दारी येणाऱ्या टँकरवर ज्यांनी संसार काढला त्यांना द्रवपदार्थ मोजण्याचे दुसरे माप सुचावयाचे नाही. मला मात्र त्या पिंपापेक्षा खालच्या पुलाचे जास्त कौतुक वाटले. १७८४ च्या हिवाळ्यात बर्फाचे तट वाहून आणणाऱ्या महापुराने तेथला पूर्वीचा पूल मोडला, म्हणून कार्ल थिओडोर या तेथील अधिपतीने १७८६ ते १७८८ या काळात सबंध दगडी कमानींचा पूल बांधविला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मार्च १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याच्या काही कमानी उडविल्या, आणि युद्धाने सर्वस्व गेलेल्या त्या लोकांनी वर्गण्या काढून १९४७ साली तो होता तसा पुन्हा उभा केला.

हा पूल बांधला जात होता त्याच काळात नर्मदेच्या काठी महेश्वरास अहिल्याबाई होळकरांचे घाट बांधण्याचे काम चालू होते. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडीस झाला, आणि चौंडी हे सीना नदीच्या काठचे, आमच्या जामखेड तालुक्यातील गाव. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. पुण्याच्या वाटेवर मुक्कामास उतरलेल्या मल्हारराव होळकरांनी या मुलीस देवळात पाहिले आणि सून म्हणून मागणी घातली, असे सांगतात. १७५४ मध्ये कुंभेरीस पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेला, आणि तेथून १३ ऑगस्ट १७९५ या आपल्या निधनाच्या दिवसापर्यंत या बाईंनी दौलत सांभाळली. त्या दौलतीच्या उत्पन्नातून आणि आपल्या खाजगीतून त्यांनी जे बांधले त्यात देवळांचा उल्लेख सर्वजण करतात. परंतु माझ्या मते त्यांच्या बांधकामातील अधिक दूरदृष्टीचा भाग घाट हा होय. घाट म्हणजे नदीशी माणसाने कसे वागावे याची दगडात केलेली तजवीज असते. पाण्यापर्यंत उतरता यावे, धुणे-स्नान व्हावे, पूर आला तर काठ न ढासळावा, आणि काहीच करावयाचे नसेल तर पायरीवर बसता यावे, हे सर्व त्यात येते. महेश्वरचा किंवा काशीचा घाट उतरणाऱ्याला कोणी तुझे काम काय म्हणून विचारीत नाही.

ज्या बाईंनी परमुलखातील नद्यांना असे काठ बांधून दिले, त्यांच्या जन्मतालुक्यातील आम्ही लोक नदीशी कसे वागतो? चौंडीचा गौरव आपण केला नाही, असे मी म्हणणार नाही. तेथे स्मारक झाले, जन्मस्थानाचा वाडा राखला गेला, त्रिशताब्दीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच त्या खेड्यात भरली, आणि जिल्ह्यालाही आता त्यांचेच नाव आहे. हे सर्व उचितच झाले. माझा प्रश्न नावाचा नसून वहिवाटीचा आहे. आपल्याकडील बहुतेक गावे नदीकडे पाठ करून बसली आहेत. घराचे दार रस्त्याकडे आणि मोरी नदीकडे, अशी आपली सर्वसाधारण रचना. कचरा टाकावयाचा तो नदीत, वाळू उपसावयाची ती नदीतून, अतिक्रमण करावयाचे तेही नदीच्या पात्रात. आणि एखाद्या वर्षी सुशोभीकरणाचा निधी आलाच तर काठाला काँक्रीटची भिंत घालून त्यावर रंगीत दिवे लावावयाचे. वीजबिल भरावयाची पंचाईत झाली की ते दिवेही विझतात.

आमच्या तालुक्यात एका जोडप्याचा एक दिवस कसा जाऊ शकेल, याचा मी मनाशी आराखडा केला. सकाळी चौंडी. तेथून दुपारच्या आत खर्डा. खर्ड्याचा किल्ला डोंगरावर नाही. निंबाळकर सरदारांनी अठराव्या शतकात बांधलेला तो चौरस भुईकोट, भोवती खंदक आणि आत मशीद व खोल विहीर. अलीकडे त्याच्या तटाची डागडुजी झाली आहे, आणि २०२१ च्या दसऱ्यास तेथे ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला, तो बऱ्याच लांबून दिसतो. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले असे सर्व सरदार एका निशाणाखाली आले ते शेवटचेच; त्याच वर्षी ऑगस्टात अहिल्याबाई गेल्या, ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले, आणि पुढे जे झाले त्याची उजळणी येथे नको.

या लढाईतील एक प्रसंग मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. इतिहासकार ग्रँट डफने तो नोंदविला आहे. निजाम अली मोहिमेवर जनानखाना बरोबर घेऊन आला होता, आणि बेगमेच्या भयामुळे माघारीचा आग्रह सुरू झाला. रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजावे म्हणून ओढ्याचा शोध घेत गेली; ज्या ओढ्याशी ती पोचली तेथे निजामाची माणसे होती. अंधारात बार झाले, ते ऐकून सबंध छावणीत एकच गोंधळ उडाला, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. मग वेढा, मग तह : दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख, तीन कोटींची खंडणी, आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन. खर्ड्यास सहकुटुंब मुक्काम करणारा इतिहासातील सर्वांत प्रख्यात पाहुणा तो निजाम अलीच म्हणावयास हरकत नाही, आणि त्याचे तेथे काही फार सुखाचे गेले नाही. पण एवढ्या मोठ्या घटनेची ही जी सूक्ष्म गंमत आहे, की ओढ्याच्या पाण्यावरून एका सल्तनतीची घाबरगुंडी उडाली, ती किल्ल्यात उभ्या असलेल्या सामान्य माणसाला समजावी, कोणती फौज कोठे होती, कोण कोठून आले हे त्याने तटावरून बोटाने दाखवून आपल्या बायकोला सांगावे, अशी सोय तेथे हवी. ज्यांनी शाळेत खर्ड्याची लढाई दोन गुणांसाठी पाठ केली, त्यांच्यापैकी किती जणांनी ती जागा पाहिली असेल? ध्वज लांबून दिसतो. लढाई जवळ जाऊनही दिसत नाही.

येथे आणखी एक गोष्ट बोलणे मला भाग आहे, कारण जोडप्यांच्या मोकळ्या फिरण्याविषयी लिहावयाचे आणि खर्ड्याचे नाव घ्यावयाचे, तर ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणविणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, या संशयावरून तो झाला असे आरोपपत्र होते. २०१७ साली सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. नदीकाठी दोन माणसांनी शेजारी बसणे ही चैनीची बाब आहे, पोट भरलेल्यांचे ते खूळ आहे, असे जे म्हणतात त्यांनी या घटनेचा विचार करावा. दोन माणसे उघड्यावर, चारचौघांदेखत, निर्भयपणे बोलत बसू शकतात की नाही, यावरून गावाची जी पारख होते ती त्याच्या कमानीवरून होत नाही. म्हातारे-म्हातारी, नवरा-बायको, बहीण-भाऊ, दोन मैत्रिणी, कॉलेजातील मुलेमुली, ज्याला वाटेल त्याने ज्याच्याबरोबर वाटेल त्याच्याबरोबर बसावे, अशी सर्वांच्या नजरेसमोरची जागा जेथे असते, तेथे संशयाला वाव कमी राहतो. आपण अशी जागा ठेवीत नाही. मग माणसे आडोसा शोधतात, आणि आडोशाला गेली म्हणून आपणच त्यांच्यावर डोळे वटारतो.

दुपार कलती झाली की खर्ड्याहून जामखेडास परतून बीडच्या रस्त्याने सौताड्यास जावे. आमच्या गावातून वाहणारी विंचरणा नदी तेथे बालाघाटाच्या कड्यावरून खोल दरीत उडी घेते, आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. हे स्थळ पाटोदा तालुक्यात, म्हणजे बीड जिल्ह्यात, पडते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा नुसता दोन जिल्ह्यांचा नव्हे, दोन राज्यांचा सरहद्दीचा टापू होता : इकडे आधी इंग्रजी आणि अखेरचे वर्षभर स्वतंत्र भारताचा अंमल, तिकडे निजामाचा. हद्द कागदावरून गेली, दफ्तरातून मात्र गेली नाही. धबधबा एका जिल्ह्याचा, पायथ्याचे गाव दुसऱ्याचे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांना हे स्थळ आपल्या कडेचे, आणि कडेची गोष्ट नेहमी शेवटी हाती घेतली जाते. पावसाळ्यात तेथे गर्दी होते, हे खरे. पण ती गर्दी वर उभी राहते, छायाचित्र काढते, कणीस खाते आणि निघते. उतरणाऱ्यांपैकी बहुतेक देवासाठी उतरतात.

संध्याकाळी जामखेडास, विंचरणेच्या काठी, नागेश्वराच्या देवळाशी यावे आणि बसावे. येथे माझा आराखडा संपतो, कारण बसावयाचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. नागपंचमीच्या यात्रेस हा काठ माणसांनी फुलतो. एरवी तेथे येणारा दर्शन घेऊन, चप्पल पायात सरकवून, आल्या पावली परततो.

मला जे म्हणावयाचे आहे ते हेच. प्रेक्षणीय स्थळांचा आपणांकडे तोटा नाही. तोटा आहे तो एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंतच्या अवकाशाचा. हायडेलबर्गचा किल्ला एका तासात पाहून होतो, पूल ओलांडावयास दहा मिनिटेही लागत नाहीत. माणसे तेथे दिवस घालवितात ती मधल्या वेळात : सावलीतल्या रस्त्यावर, बाकावर, गवतावर, पाण्याकडे पाहत. आपण सर्व खर्च स्थळावर करतो आणि मधला वेळ उन्हात सोडून देतो. परिणामी आपल्याकडील सहल म्हणजे उरकण्याची गोष्ट होते. जीप भाड्याने करावयाची, तीन ठिकाणी उतरावयाचे, नारळ फोडावयाचा आणि दिवेलागणीच्या आत घर गाठावयाचे. त्यात बायकांचे हाल विशेष. दिवसभरात लघवीस जाता येईल अशी एक स्वच्छ जागा मिळेलच याची खात्री नसल्यामुळे कित्येक जणी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. याचा विचार पर्यटन-विकासाच्या आराखड्यात होतो तो शेवटच्या पानावर.

यावर आक्षेप येणार ते मला ठाऊक आहेत. पहिला असा, की आमची नदी वर्षातले आठ महिने कोरडी, तिच्या काठी बसून काय पाहावयाचे? परंतु नेकारही निसर्गतःच अशी काठोकाठ भरून वाहत नाही. मॅनहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत तिच्यावर सत्तावीस ठिकाणी बांध घालून नौकांसाठी दरवाजे केले आहेत, आणि ते पाणी त्या बांधांनी तोलून धरलेले आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे काय हे आपल्याकडील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. पावसाळा संपता संपता फळ्या वेळेवर बसविल्या तर गावाच्या पुढ्यात काही महिने तरी पाणी ठरते, आणि विहिरींना पाझर लागतो तो निराळाच. दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर एवढेच, की कडुनिंबाच्या आणि वडाच्या दोन रांगा, त्यांखाली दगडी ओटे, पाण्याची टाकी, आणि कुलूप नसलेले शौचगृह यांस एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही खर्च येत नाही. अडचण पैशाची नसून उद्घाटनाची आहे. ओट्याचे अनावरण करता येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत जुना : जामखेडास कोण येणार?

या तिसऱ्याचे उत्तर तालुक्यानेच देऊन ठेवले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले आणि खेड्यातील, बहुतांशी निरक्षर आणि दलित अशा स्त्रियांना हाताशी धरून त्यांनी ग्रामीण आरोग्याचा जो प्रकल्प उभा केला, त्यासाठी १९७९ मध्ये त्या उभयतांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हापासून देशोदेशींचे लोक ते काम पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी जामखेडास येत आले आहेत. ज्या गावाचे नाव परदेशांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांना माहीत आहे, त्या गावास कोण येणार असे गावकऱ्यांनीच विचारावे याला काय म्हणावे? आणि समजा, बाहेरचे कोणी आले नाही. तरी आम्ही आहोत ना? हायडेलबर्गच्या त्या बाकावर पाव खात बसलेले जोडपे प्रवासी नव्हते. त्यांच्या पिशवीत भाजी होती.

म्हणून नगरपरिषदेच्या आणि तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या कारभाऱ्यांस माझा अर्ज आहे, की पुढील अंदाजपत्रकात सुशोभीकरण हा शब्द जेथे येईल तेथे प्रथम सांडपाणी नदीत जाण्याचे बंद करण्याची तरतूद करावी, मग झाडांची, मग बसण्याच्या जागांची, आणि दिव्यांची सर्वांत शेवटी. एस.टी. महामंडळाने पावसाळ्याच्या चार महिन्यांत रविवारी जामखेडहून चौंडी, खर्डा आणि सौताडा असा फेरा करणारी एक गाडी सोडून पाहावी. दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी सौताड्यापुरते एकत्र बसावे. किल्ल्यावर लढाईचा नकाशा असलेली, मराठीत लिहिलेली, उन्हात रंग न उडणारी एक पाटी लावावी, आणि जेथे दगड ढळला आहे तेथे तो सावरावा, नवीन बुरूज चढवू नये. वाचकांस मात्र या कशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी, पाण्याची बाटली घ्यावी, बसावयास एक सतरंजी घ्यावी, आणि स्टँडवर कोणी विचारले तर सहज फिरावयास निघालो असे मोकळेपणाने सांगावे. सौताड्याची धार पाऊस असेपर्यंतच टिकते. जावयाचे असेल त्यांनी श्रावण-भाद्रपदातच जावे, दिवाळीच्या सुटीवर ढकलू नये.